रूफचं बटण दाबलं की नुसतं ‘टिक’ : मोटर नंतर, आधी पाणी शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. २००५ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर, जुन्या बॉडीची म्हणजे कापडी रूफवाली, पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. घर रत्नागिरीजवळ भाट्याला सुरूबनाच्या बाजूला, गाडी झाडाखाली, वर प्लॅस्टिकचं कव्हर. श्रावणात एकदोनदा रूफ उघडलंत तेव्हा कण्हत कण्हत हळू गेलं, आणि गणपतीनंतर बटण दाबलं तर काचा थोड्या खाली येतात, मागून ‘टिक’ वाजतं आणि खेळ खलास. गॅरेजवाल्याने सांगितलं हायड्रॉलिक मोटर गेली, अख्खं रूफ उतरवायला लागेल, नवीन सेट, लाखाच्या पुढचा आकडा. आणि तुम्ही विचारताय की दुसरा काही मार्ग आहे का.

आहे. पण एक सांगतो, मोटर गेली हे त्याचं निदान बहुतेक बरोबरच असणार, तो काही फसवत नाहीये. ती का गेली हे कोणी बघत नाही, तिथे सगळी गोची आहे. मी रत्नागिरी पट्ट्यात पंचवीसेक वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकल कामं करतोय, ओपन टपाच्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच, पण मुंबईकरांच्या बंगल्यांवर असतात आणि पावसाळा संपला की एकेक करून येतात, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीत कुठेतरी पाणी मुरलेलंच असतं, शब्दशः.

या गाडीची रचना आधी समजून घ्या. ही बॉडी २००२ ते २००८ अमेरिकेत स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनली, रूफ हायड्रॉलिक, म्हणजे मोटर पंप फिरवते आणि तेलाच्या दाबावर रूफ हलतं, चालू असतं तेव्हा दहाएक सेकंदात उघडतं. कापडावर पडलेला पाऊस मागे सरकतो, दोन्ही बाजूंना सीटच्या मागे जिथे रूफची फ्रेम घडी होऊन बसते तिथे खोल खड्ड्यासारखी जागा आहे तिच्यात उतरतो, आणि खड्ड्याच्या तळाशी एक भोक, त्याला पाइप, तो मागच्या चाकाच्या पुढे बाहेर निघतो. इथपर्यंत ठीक. पण डावीकडच्या त्याच खड्ड्यात, अगदी तळाला, फोमच्या खोक्यात गुंडाळून त्यांनी पंपाची मोटर ठेवलीय! म्हणजे ड्रेन (ते भोक आणि पाइप) तुंबला की पाणी चढणार, फोम अंघोळीच्या स्पंजासारखा पाणी पिणार आणि मोटर आठवडेच्या आठवडे त्यात भिजत पडणार. जर्मन इंजिनीअरला नावं ठेवायची माझी लायकी नाही, पण त्याने एक जुलै आपल्या कोकणात काढला असता तर मोटर तिथे ठेवली नसती. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तुमच्या केसमध्ये वरून सुरूची पानं. सुरूचं पान म्हणजे सुई, कव्हर काढताघालताना ती फटीतून आत जातात, खड्ड्याच्या तळाशी जाळी धरतात, त्यावर जांभ्याची लाल धूळ बसली की सिमेंट. आंब्याखाली लावणाऱ्यांची वेगळी कथा, मोहोर आणि चिकटा, पण परिणाम तोच.

श्रावणात कण्हत गेलं म्हणालात ना, तेव्हा मोटर अर्धी बुडालेली होती. आतल्या बुशला (दांडा ज्यात फिरतो ती बांगडी) गंज धरला, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, घासायला लागलं, तशातही तिने दोनदा काम केलं आणि मग महिनाभर उभी राहिल्यावर जाम झाली. हा माझा अंदाज, आता तो तपासायचा कसा ते सांगतो, कारण अंदाजावर पार्ट मागवायचे नसतात.

सगळ्यात पहिलं काम फुकटातलं. कोणाला तरी शेजारी बसवून गाडी अंगणात थोडी पुढेमागे करा, ब्रेक जरा झटक्यात मारा आणि डाव्या सीटच्या मागे कान द्या. डबक डबक ऐकू आलं तर आत विहीर आहे. नाही आलं तरी लगेच खूश होऊ नका, सप्टेंबरअखेर ऊन पडायला लागतं, पाणी आटलेलं असू शकतं. मग लोटाभर पाणी घ्या, आधी उजव्या बाजूच्या खड्ड्यात हळूहळू ओता आणि दुसऱ्याला मागच्या चाकाच्या पुढे खाली बघायला सांगा. काही सेकंदांत धार पडली पाहिजे. मग तेच डावीकडे, पण इथे अर्धाच लोटा. पाणी आलंच नाही किंवा थेंबथेंब लाल आलं तर तुमचा आजार सापडला, मल्टीमीटर अजून खिशातून काढलेलापण नाही.

आता मल्टीमीटर. बॅटरी या गाडीत मागे बूटमध्ये, म्हणजे डिकीत आहे. गाडी बंद करून तासाभराने मोजा, १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. चार महिने कव्हरखाली उभ्या गाडीची बॅटरी हमखास खाली असते, आणि रूफचा पंप चिमूटभर करंट घेत नाही, भसाभस घेतो. त्यामुळे कुठलीही टेस्ट इंजिन चालू ठेवून करा, आणि ती पडवीत किंवा शेडमध्ये दारं लावून नको, धूर कोंडतो. बटण दाबताना बॅटरीवरचं व्होल्टेज बघत राहा. अकराच्या बरंच खाली कोसळत असेल तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनल्स, मग बाकीचं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थचा बोल्ट वरून चकचकीत दिसतो आणि खाली हिरवा झालेला असतो, म्हणून तो नुसता बघू नका, खोला, पॉलिशपेपर मारा, परत आवळा, वर थोडी पेट्रोलियम जेली. हे एवढं केल्यावर मोटर आपोआप सुरू झालेल्या दोनतीन गाड्या मी पाहिल्यात, पण तुमच्या लक्षणांवरून तुमची त्यातली वाटत नाही.

का वाटत नाही? कारण काचा खाली येतात. हे महत्त्वाचं आहे, नीट वाचा. रूफ हलवायच्या आधी कंट्रोल युनिट काचा उतरवतं, म्हणजे बटण ठीक, युनिटने ऑर्डर घेतली. त्यानंतर टिक वाजतं म्हणजे युनिटने रिलेलाही (मोटरचा करंट जोडणारा स्विच) ऑर्डर दिली. लॅचचे, फ्रेमचे, झाकणाचे जे सेन्सर आणि स्विच असतात त्यातलं काही बोंबलत असतं तर युनिटने बहुतेक इथपर्यंत येऊच दिलं नसतं. म्हणजे आता उरलं काय, रिलेपासून मोटरपर्यंतची वायर आणि मोटर. ज्यांच्याकडे पूर्ण शांतता आहे, टिक पण नाही, त्यांनी मात्र फ्यूज, बटण आणि स्विच यांच्यामागे लागायचं, मोटरला हात लावायचा नाही. आणि ज्यांची मोटर मस्त घूंऽऽ करते पण रूफ जागचं हलत नाही त्यांचा प्रॉब्लेम तेलाचा किंवा पंपाचा. तीन आवाज, तीन रस्ते. फोनवर मला कोणी विचारलं की मी पहिलं हेच विचारतो, आवाज काय येतो ते सांग, बाकी पुराण नंतर.

मोटरला दोनच जाड वायर. एका दिशेने करंट दिला की रूफ उघडतं, उलटा दिला की बंद होतं, आणि हे उलटंपालटं करायला दोन रिले. कनेक्टरपर्यंत हात पोचला तर मल्टीमीटरची दोन टोकं त्या दोन वायरींना लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. मोटर जोडलेली असताना बारा व्होल्ट दिसतात आणि मोटर मेलेली, तर ती खरंच मेलीय. टिक वाजतंय पण व्होल्ट येत नाहीत किंवा दोनतीनच येतात, तर रिलेची पट्टी जळलेली किंवा मधे वायर सडलेली. आवाज जिथून येतो तिथे बूटच्या ट्रिममागे हात घालून शोधा, रिले दोनतीनशे रुपयांचा खेळ आहे. एक मात्र बजावून सांगतो, मोटर जाम असताना ‘होईल, होईल’ करत बटण धरून बसू नका. अडकलेली मोटर चालत्या मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते, मग फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर रिले चिकटतो आणि एकाची दोन कामं होतात.

अजून एक देशी टेस्ट. लांब लाकडी दांडा खड्ड्यात घालून मोटरच्या अंगावर हलकेच टकटक करायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने एकदा बटण दाबायचं. मोटर क्षणभर जरी हलली तरी समजा कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ठोकळे) अडकलेत किंवा गंज धरलाय, वाइंडिंग म्हणजे आतली गुंडाळलेली तार बहुतेक शाबूत आहे. पण रूफ अर्धवट उभं असेल तर हात घालण्याआधी फ्रेमला भक्कम टेकू द्या आणि दांडा सोडून दुसरं काहीही आत नको. माझ्याकडच्या पोऱ्याचं बोट एकदा फ्रेमच्या कात्रीत आलंय, वाचलं, पण नख गेलं. प्रत्यक्ष हात घालून काम करताना तर बॅटरीची निगेटिव्ह काढूनच.

आता मोटर बाहेर काढणे. कंपनीच्या पद्धतीने अख्खं रूफ उतरवायचं असतं, लाखाचा आकडा तिथून येतो. जगभर लोक रूफ न उतरवता काढतात, मी पण तसंच काढतो. रूफ हाताने अर्धं वर घ्यायचं (दोघांनी, दोन्ही बाजूंनी सारखं, अजिबात घाई न करता, पुढची लॅच गाडीच्या टूलकिटमधल्या चावीने हँडबुकात दिलंय तशी सोडवून), टेकू लावायचा, खड्ड्यावरचं ट्रिम आणि अस्तर बाजूला करायचं आणि वरून हात घालून फोमचं खोकं मोकळं करून ओढायचं. वाचायला एक वाक्य, करायला अख्खी दुपार. हात बारीक असलेला माणूस लागतो, माझा कोपराशी अडकतो. खोक्याला नायलॉनची दोरी बांधून वरून ओढलं तर सोपं जातं. पाइप तोडू नका, वाकवू नका, ते बारीक नायलॉनचे असतात आणि मुरगळले की कायमचे बाद.

बाहेर आल्यावर इलेक्ट्रिक मोटर आणि पंप हे दोन वेगळे भाग दिसतील. पंपाच्या बाजूचे स्क्रू चुकूनही खोलू नका. मोटरच्या डब्यावर आणि झाकणावर खिळ्याने एक आडवी रेघ मारा, म्हणजे परत बसवताना तीच जागा येईल, उलट बसली तर रूफ उलट चालेल. मग उघडा. आत लोहचुंबक असतात, ते आर्मेचर धरून ठेवतात, सावकाश. बहुतेक वेळा आत लाल चिखलासारखा गंज असतो. घाबरू नका. चुंबक आणि डबा कोरड्या ब्रशने साफ करा, आर्मेचरवरचा गंज ४०० नंबरच्या पेपरने, कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर त्याहून बारीक पेपरने, आणि त्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा सुईने. कार्बन आपल्या घरात मोकळे सरकले पाहिजेत, स्प्रिंग गंजून तुटली असेल तर बदला. बुशला ग्रीसचा टिपूस, जास्त नाही. आर्मेचर जळालेलं असेल, काळं पडून वास येत असेल तर टाकून द्यायच्या आधी रिवाइंडिंगवाल्याला दाखवा. आपल्याकडे विहिरीचे पंप आणि मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरच्या मोटरी भरणारी एकेक कसबी माणसं आहेत, डीसीचं काम सगळे घेत नाहीत, पण घेणारा मिळतो. कार्बन पण बारा व्होल्टच्या स्टार्टरचे घासून बसवता येतात, मी बसवलेत, चालतायत. फिट करून आधी टेबलावर बॅटरी लावून बघा, दोन्ही दिशांना एक झटका, जास्त वेळ नाही.

इथे माझी एक फजिती सांगायलाच हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आली, मी मोटर साफ केली, कार्बन टाकले, रूफ झकास चाललं, पैसे घेतले. पुढच्या गौरी-गणपतीला तीच गाडी, तीच मोटर, तोच गंज. कारण ड्रेन मी वरवर पाणी ओतून बघितला होता, उन्हाळा होता, थोडं पाणी गेलं, मी म्हटलं ठीक आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसऱ्या वेळेचे पैसे मी घेतले नाहीत आणि तेव्हापासून ड्रेन आधी, मोटर नंतर.

ड्रेन साफ करायला तार घालू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही, आतला पाइप जोडावरून निसटला की पाणी सरळ गाडीत. ग्रासकटरची जाड नायलॉन दोरी घ्या, वाडीत कोणाकडेही असते, तिचं टोक लायटरने वितळवून गोल करा आणि वरून हळूहळू फिरवत घाला, मधे मधे कोमट पाणी. मग मागच्या चाकाच्या पुढचं प्लॅस्टिक लायनर सोडवून खालचं टोक बघा, तिथे रबराचं तोंड असतं आणि सगळा गाळ तिथे बसलेला असतो. वरून कितीही दोरी घातलीत तरी हे तोंड साफ केल्याशिवाय काम झालं असं मी म्हणत नाही. उजवीकडचा पण करा, तिकडे मोटर नसली तरी पाणी तेच आहे.

आणि आता खरा इलाज. मोटर परत त्या खड्ड्यात ठेवू नका. तिचे पाइप बूटपर्यंत पुरतात, वायर तेवढ्या वाढवाव्या लागतात, त्या मूळ वायरीइतक्या जाड घ्या, सोल्डर करा, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, नुसती टेप गुंडाळली तर खाऱ्या हवेत दोन वर्षं पण टिकत नाही. बूटमध्ये आवाज थोडा जास्त येतो, म्हणून मोटरभोवती कोरडा फोम गुंडाळा. जुना फोम उन्हात वाळवून परत वापरायचा मोह होईल, नको, तो कितीही वाळवला तरी मधे ओला राहतो. काही शौकीन लोकांना गाडी जशी कारखान्यातून आली तशीच पाहिजे असते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण माझं मत विचाराल तर समुद्राच्या काठी राहणाऱ्याने मोटर बूटमध्येच घ्यावी.

तेलाबद्दल थोडंसंच, कारण तुमचा प्रॉब्लेम तो नाही. पंपाच्या टाकीत तेल कमी दिसलं तर पटकन ब्रेक ऑइल ओतायची आपल्याकडे सवय आहे, लहान बाटली मिळते, दिसतं सारखं. हे अजिबात करू नका! या सिस्टिममध्ये मिनरल हायड्रॉलिक तेल असतं आणि सीलही त्याच तेलाला जमणारी, ब्रेक ऑइल गेलं की ती फुगतात आणि मग प्रत्येक सिलिंडर गळायला लागतो. एका गाडीत आधीच्या मिस्त्रीने हेच केलं होतं, ते निस्तरायला जो खर्च आला त्यात एक बरी स्कूटर आली असती. चिरेखाणीवरच्या जेसीबीचे होज भरून देणारे आपल्याकडे रस्त्याला पडलेत, पण त्यांच्याकडे या बारीक पाइपांची फिटिंग नसते, तिकडे जाऊ नका.

ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जुनी मर्सिडीज एसएलके, १९९६ पासूनची पत्र्याचं घडीचं रूफवाली, तिच्यात बूटमधला सामानाचा पडदा क्लिपमध्ये अडकवलेला नसेल तर रूफ हलतच नाही, पंप-बिंप काही बिघडलेलं नसतं. गुहागरहून एकजण फ्लॅटबेडवर टाकून घेऊन आला होता, मी पडदा अडकवला, बटण दाबलं, पंचवीसेक सेकंदांत रूफ आत. त्याचा चेहरा बघून मी फक्त चहाचे पैसे मागितले. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत हायड्रॉलिक नाही, मधे एक इलेक्ट्रिक मोटर आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना फिरणाऱ्या केबल. रूफ तिरकं जायला लागलं की एक केबल घसरतेय असं समजून लगेच थांबायचं, आणि मुळातच हँडब्रेक ओढलेला आहे ना ते आधी बघायचं. तिच्यातही ड्रेन तुंबले तर पाणी सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं आणि मग रूफ राहिलं बाजूला, गाडीच सुरू होत नाही.

आणि जे आत्ता अशी गाडी घ्यायला निघालेत त्यांनी कार्पेट उचलून बघा. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा बुडालेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून कुठे कुठे विकल्या गेल्या देव जाणे. सीटच्या रेलच्या बोल्टखाली बारीक गाळ सापडला तर तसेच परत फिरा.

तुमचं प्लॅस्टिकचं कव्हर मात्र बंद करा, आतली ओल बाहेर जात नाही आणि कापडाला बुरशी धरते. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या किंवा सरळ शेड. रबरांना खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, सिलिकॉनचंच लावा. ओलं रूफ घडी करून ठेवू नका. आणि मृग लागायच्या आधी एकदा, गणपतीच्या आधी एकदा तो लोट्याचा प्रयोग दोन्ही बाजूंना करायचा.

आधी ड्रेन आणि बॅटरी करा, मग मोटर काढा. उघडल्यावर आतला फोटो टाका, कार्बन किती मिलिमीटर उरलेत आणि आर्मेचरला जळका वास येतोय का तेही लिहा, मग नुसत्या सफाईवर भागतंय की भरायला द्यायची ते सांगतो.